घोटा मुरगळल्यावर काय करायचं, आणि सूज उतरल्यावर काय

घोटा मुरगळला की घरात दोन प्रश्न एकदम विचारले जातात : हाड तर मोडलं नाही ना, आणि शेकायचं की बर्फ लावायचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पुन्हा मुरगळू नये म्हणून काय करायचं, हा तिसरा प्रश्न सूज उतरली की राहूनच जातो. एकदा मुरगळलेला घोटा पुढे साध्या रस्त्यावरही दगा देतो, त्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

नाशिककरांना हे दुखणं नवं नाही. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहरकडे गर्दी लोटते. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर बारा महिने वर्दळ असते. ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेत दिवस दिवस ढेकळांतून चालणं होतं. जमीन उंचसखल, आणि पायात बऱ्याचदा साधी चप्पल.

आत काय होतं

नडगीचं जाड हाड आतल्या बाजूने आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड बाहेरच्या बाजूने, अशी दोघं मिळून एक खोबण करतात. पावलाचं सगळ्यात वरचं हाड त्या खोबणीत बसतं. ही हाडं एकमेकांना धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. काथ्याच्या दोरीसारखे ते असंख्य तंतूंचे बनलेले असतात, आणि मर्यादेबाहेर ओढ बसली की त्यातले काही तंतू किंवा सगळेच तुटतात.

बाहेरच्या बाजूला असे तीन बंध असतात. आतल्या बाजूला एकच, पण रुंद आणि दणकट. शिवाय बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली आलेलं असतं, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडतं आणि आत सहज वळतं. म्हणून बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि इजा बाहेरच्या बाजूला होते. तीनपैकी पुढचा बंध सगळ्यात नाजूक, तोच आधी जातो. जोर जास्त असेल तर त्याच्यासोबत मधलाही.

गड चढताना नाही, तर उतरताना जास्त जण मुरगळतात, याचंही कारण हाडांच्या रचनेत आहे. खोबणीत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. उतरताना चवडा खाली झुकतो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा थोडा सैल पडतो. नेमका त्याच वेळी पुढचा बंध ताणलेला असतो. त्यात दिवसभराच्या चालीने पोटरीच्या बाहेरचे स्नायू थकलेले असतात. पाऊल वळायला लागलं की ते सावरण्याचं काम याच स्नायूंचं, आणि थकले की ते उशिरा धावून येतात.

इजेच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत बंध ताणला जातो, थोडे तंतू तुटतात. दुखतं, थोडी सूज येते, पण लंगडत का होईना चालता येतं. दुसरीत बंध अर्धवट फाटतो. सूज लवकर येते, दुसऱ्या दिवशी काळंनिळं पडतं, वजन टाकणं अवघड जातं. तिसरीत बंध पूर्ण तुटतो आणि सांधा हलका झाल्यासारखा, सुटल्यासारखा वाटतो. तिसऱ्या पायरीत कधीकधी दुसरीपेक्षा कमी दुखतं, कारण ताण पडायला बंध शिल्लकच नसतो. त्यामुळे नुसत्या दुखण्यावरून इजा मोजू नये. सूज केवढी आली यावरूनही नाही. ‘कट्‌’ असा आवाज आला म्हणजे हाडच मोडलं असंही नाही, बंध तुटतानाही तसा आवाज येतो.

दोन-तीन दिवसांनी निळसर रंग टाचेकडे आणि बोटांकडे उतरतो, तेव्हा घरचे घाबरतात. आत साचलेलं रक्त वजनाने खाली उतरत असतं. इजा वाढलेली नसते.

हाड मोडलंय का, हे कसं ताडायचं

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी एक साधी तपासणी मांडली. जगभरच्या अपघात विभागांत ती आजही वापरतात. मोडलेलं हाड तिच्यातून क्वचितच निसटतं, म्हणून घरी किंवा वाटेतही तिचा उपयोग होतो.

आधी चालून बघा. मुरगळल्या मुरगळल्या आणि नंतर तपासताना, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे हवा. लंगडत टाकलेली पावलंही चालतात, पण प्रत्येक पायावर दोनदा वजन आलं पाहिजे.

मग बोटाने दाबून बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच हाडांची मागची कड टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत चाचपा. मागची कड अशासाठी, की पुढच्या बाजूला बंध असतात आणि तिथे लचकेतही दुखतंच. मागच्या कडेवर किंवा टोकावर हाडच दुखत असेल तर एक्स-रे काढा. मग पावलाच्या दोन जागा : करंगळीपासून टाचेकडे बोट सरकवत गेलं की बाहेरच्या कडेला साधारण मध्यावर लागणारा उंचवटा, आणि आतल्या कडेला घोट्याच्या जरा पुढे असलेलं हाड. करंगळीकडच्या उंचवट्याचं फ्रॅक्चर ‘नुसतं मुरगळलंय’ म्हणून अनेकदा अंगावर काढलं जातं, कारण ते त्याच प्रकारे पाय वळल्यानेच होतं.

मधुमेहामुळे पाय बधिर झालेले, दारू प्यायलेला माणूस, किंवा दुसरीकडे मोठी जखम असलेला अपघातग्रस्त, यांच्यावर ही परीक्षा लागू करू नका. त्यांना दुखणं नीट जाणवतच नाही. लहान मुलांच्या बाबतीतही तिच्यावर विसंबू नये. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा कूर्चेचा थर बंधापेक्षा कमजोर असतो. मोठ्यांचा बंध जिथे फाटतो तिथे मुलांचा हा थर सरकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा घोटा सुजला आणि हाडावर दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवाच.

घोटा वाकडा दिसत असेल, पाऊल थंड, पांढरं किंवा निळं पडलं असेल, बोटं बधिर असतील किंवा जखमेतून हाड दिसत असेल तर परीक्षा वगैरे काही करू नका. ओढून सरळ करायला जाऊ नका. आहे त्या स्थितीत आधार द्या आणि १०८ ला फोन करा.

डोंगरावर असताना चार पावलं टाकता येत असतील आणि खाली उतरणं भाग असेल, तर बूट काढू नका. नाडी सैल करून पुन्हा बांधा. बुटाचा आधार मिळतो, आणि एकदा काढल्यावर सुजलेला पाय परत आत जात नाही. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती बधिर झाली तर मात्र बूट काढावा लागेल. चार पावलंही पडत नसतील तर चालत उतरण्याचा हट्ट नको, उचलूनच खाली आणा.

पहिले तीन दिवस

बर्फ पिशवीत फोडून घ्या, पातळ ओल्या पंच्यात गुंडाळा आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फाचा खडा थेट कातडीवर घासला तर कातडी जळते. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी बर्फ लावू नये. बर्फाने ठणका कमी होतो, बंध लवकर जुळतो असं मात्र नाही. त्यामुळे बर्फ मिळाला नाही म्हणून फार काही बिघडत नाही.

शेक, गरम लेप, गरम पाण्याची पिशवी या दिवसांत टाळा. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतला रक्तस्राव व सूज वाढते. आंबेहळदीचा गार लेप अखंड कातडीवर लावला तर नुकसान नाही. हळद-चुना मात्र नको. चुना दाहक असतो, घट्ट बांधून रात्रभर ठेवला तर फोड येतात, आणि मग त्या जखमेमुळे पट्टीही बांधता येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान चोळण्याने आणि ओढण्याने होतं. ‘शिरेवर शीर चढलीय, उतरवून घे’ असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीतही अनेक घरांत आहे. पाय लागल्याने इजा होत नाही, पण हिसडा दिल्याने होते. घोट्यात कुठलीही शीर कुठल्याही शिरेवर चढत नसते. हाताला लागतो तो फुगवटा साचलेल्या रक्ताचा आणि पाण्याचा. अर्धवट फाटलेला बंध हिसडा बसून पूर्ण फाटू शकतो, आणि आत हाडाला चीर असेल तर ती सरकू शकते. चोळल्यावर बरं वाटलं असं लोक मनापासून सांगतात, ते खोटं बोलत नाहीत. पहिल्या पायरीची लचक तीन-चार दिवसांत तशीही हलकी होते, आणि त्याचं श्रेय शेवटी जे केलं त्याला जातं.

कामट्या लावून करकचून बांधणं हा तर थेट धोका आहे. पट्टा घट्ट, आत सूज वाढतेय, अशाने रक्तपुरवठा तुटतो. बांधल्यावर दुखणं कमी न होता वाढत गेलं, बोटं हलवताना जीव जायला लागला, तर रात्र काढू नका, ताबडतोब सोडा आणि दवाखाना गाठा.

क्रेप बँडेज घोट्याला १० सेंटीमीटर रुंदीचं लागतं. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा, खाली लोंबतं ठेवून बांधलं तर घोटा त्याच स्थितीत आखडतो. हातरुमालाची इंग्रजी यू आकाराची घडी करून बाहेरच्या हाडाच्या खालून आणि दोन्ही बाजूंनी लावली, तर हाडाभोवतीच्या खळगीत दाब पोचतो. नुसतं बँडेज तिथे पोकळ राहतं आणि सूज नेमकी तिथेच साठते. सुरुवात बोटांच्या मुळापासून. दोन वेढे चवड्यावर, मग तिरपं घोट्यावरून मागे, टाचेच्या वरून फिरवून परत तिरपं तळव्याखाली, असा इंग्रजी आठचा आकार घेत वर जा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल इतपत ठेवा, टाच उघडी राहू देऊ नका, आणि पोटरी सुरू होते तिथे थांबा. बँडेज जेवढं ताणलं जातं त्याच्या निम्मंच ताणा. ताण बोटांकडे जास्त आणि वर कमी हवा. उलटं झालं तर बोटं फुगतात. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर बँडेज सोडून सैल बांधा. झोपताना काढून ठेवा.

पाय उंच ठेवायचा म्हणजे छातीपेक्षा उंच. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय छातीपेक्षा खालीच असतो. आडवं होऊन खाली दोन उशा घ्या.

गोळ्यांचं थोडक्यात. प्रौढांना पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल तर विचारल्याशिवाय नको. डायक्लोफिनॅकचं मलम ताज्या लचकेवर चांगलं काम करतं. हलक्या हाताने पसरायचं, चोळायचं नाही, वरून शेकायचं नाही. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या पित्ताचा, किडनीचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर कुणीच घेऊ नयेत. डेंग्यू निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ‘सूज उतरण्याच्या’ म्हणून मिळणाऱ्या एंझाइमच्या गोळ्यांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. तो पैसा घोट्याच्या चांगल्या पट्ट्यासाठी ठेवावा.

लचक वाटते, पण नसते

घोटा बाहेरच्या बाजूला वळला आणि दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल, पोटरी मधोमध दाबली तरी खाली घोट्याजवळ कळ जात असेल, तर दोन हाडांना जोडणारा वरचा बंध दुखावला आहे. याला साध्या लचकेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि लवकर वजन टाकलं तर सांधा कायमचा फाकू शकतो. हे तज्ज्ञांनीच बघायला हवं.

मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणी नाही, आणि चवड्यावर उभं राहता येत नाही : टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, तुटलेली असू शकते. पालथं झोपवून पाऊल पलंगाबाहेर ठेवा आणि पोटरी दाबा. चांगल्या पायाचं पाऊल हलतं, तुटलेल्या कंडरेचं हलत नाही.

मधुमेह असलेल्या माणसाचं पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं आहे, पण दुखत फारसं नाही, मुरगळल्याचंही नीट आठवत नाही, अशा वेळी ते लचक समजून चालत राहणं फार महागात पडतं. आतली हाडं हळूहळू ढासळत असू शकतात. त्या पायावर वजन टाकणं त्याच दिवशी थांबवा. मार न लागता सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल तर सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो, तिथे तास मोजले जातात.

गुडघा पिळवटला, आवाज आला आणि दोन तासांच्या आत टम्म सुजला, तर आत रक्त साचलं आहे. गुडघ्याच्या आतला पुढचा तिरपा बंध, म्हणजे एसीएल, तुटल्याची शक्यता मोठी. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली आणि गुडघा मध्येच अडकत असेल, तर गादीला, म्हणजे मेनिस्कसला इजा झालेली असते. हात टेकून पडल्यावर मनगट दुखत असेल तर अंगठा ताणून वर करा. त्याच्या मुळाशी मनगटाजवळ जी खळगी पडते ती दाबून बघा. तिथे दुखलं तर पहिला एक्स-रे चांगला आला तरी मनगटाला आधार देऊन १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासायचं. तिथलं छोटं हाड मोडल्याचं सुरुवातीला दिसत नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर बसला आणि टोक खाली लोंबू लागलं, स्वतःहून सरळ होईना, तर ती लचक नाही. टोकाचा सांधा सहा ते आठ आठवडे सतत सरळ पट्टीत ठेवावा लागतो, आणि मध्ये एकदाही वाकला तर मोजणी पहिल्या दिवसापासून.

तिसऱ्या दिवसानंतर

एक्स-रे चांगला आला म्हणजे काही झालं नाही असं नाही. एक्स-रेत बंध दिसतच नाहीत. आणि पूर्ण विश्रांती हाही उपाय नाही. साध्या लचकेला महिनाभर प्लास्टर घालून ठेवलं तर सांधा आखडतो, पोटरी बारीक होते. पूर्ण तुटलेल्या बंधालासुद्धा बऱ्याचदा आठ-दहा दिवस पक्का आधार आणि मग पट्टा घालून चालणं असंच करतात. जुळणाऱ्या तंतूंना योग्य दिशेत रचून घेण्यासाठी हलका ताण लागतो.

तिसऱ्या दिवसापासून घोटा वर-खाली हलवा. मग अंगठ्याने हवेत अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढा, दिवसातून दोन-तीनदा. आता कोमट पाण्यात पाय सोडून केलं तरी चालतं. बसून गुडघा सरळ ठेवा, चवड्याला टॉवेल अडकवून स्वतःकडे ओढा, ३० सेकंद, तीनदा. थोडं दुखणं चालेल. दहापैकी तीनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून निम्म्यावर या. लंगडत चालण्यापेक्षा काठी घ्या, ती दुसऱ्या, म्हणजे चांगल्या पायाच्या हातात धरा.

दुसऱ्या आठवड्यात रबरी पट्टा किंवा सायकलची जुनी ट्यूब पलंगाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या दिशेने ओढायचं, १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या. वळणारं पाऊल सावरणारे स्नायू हेच. त्यासोबत ओट्याला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका.

आता तो राहून जाणारा भाग. बंधांमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल किती वळलं आहे हे ती क्षणोक्षणी मेंदूला कळवतात. बंध फाटला की ही टोकंही तुटतात. बंध जुळतो, दुखणं थांबतं, पण पाऊल वळल्याची खबर उशिरा पोचत राहते, आणि स्नायू धावून येईपर्यंत घोटा गेलेला असतो. ही जाण औषधाने किंवा विश्रांतीने परत येत नाही. तोल सांभाळून सांभाळूनच ती परत येते.

म्हणून भिंतीजवळ एका पायावर ३० सेकंद उभं राहा. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी केलेल्या गोधडीवर, पायाखाली मऊ असलं की घोटा सतत सावरावा लागतो. मग एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू टाकून झेला. रोज दहा मिनिटं पुरतात, पण किमान सहा आठवडे. घोटा दुसऱ्या आठवड्यात दुखेनासा होतो आणि माणूस व्यायाम सोडतो. चूक होते ती इथेच. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावली तर ती पुढे कायम ठेवता येते.

परत कधी पळायचं, गड कधी चढायचा? आठवडे मोजण्यापेक्षा पाय मोजा. एका पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाइतकं जमतं का? एका पायावर उडी मारून तोल न जाता उतरता येतं का? जिना उतरताना कळ येत नाही ना? मग आधी गोल्फ क्लब मैदानाच्या सपाट ट्रॅकवर चाल आणि हलकं पळणं, नंतर पांडवलेण्यांच्या पायऱ्या, चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष देऊन. त्या विनातक्रार जमल्या की डोंगराची वाट. पहिल्या पायरीच्या लचकेला यात एक ते तीन आठवडे जातात, दुसरीच्या लचकेला तीन ते सहा, तिसरीच्या लचकेला तीन महिनेही लागतात. पहिले काही महिने खेळताना आणि गडावर बुटासारखी नाडी बांधायचा घोट्याचा पट्टा वापरा. मोज्यासारखा चढवायचा ताणदार पट्टा ऊब आणि थोडा दाब देतो, घोटा वळताना तो थांबवत नाही.

सहा आठवडे नेमाने व्यायाम करूनही घोटा लटपटत असेल, आत खोलवर दुखत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर एमआरआय लागतो. हाडाच्या पृष्ठभागावरची कूर्चा दुखावलेली असू शकते. बंध शिवण्याची किंवा नवा घालण्याची शस्त्रक्रिया असते आणि ती चांगली असते, पण तीन ते सहा महिने नीट व्यायाम करून झाल्यावरच तिचा विचार करतात. आणि शस्त्रक्रियेनंतरही एका पायावर उभं राहण्याचा तोच व्यायाम पुन्हा करावा लागतो.